पाताळातलं माहेर

आखाडा बाळापुरात आणि आसपासच्या खेड्यांत नागपंचमीला नुसतं ‘पंचमी’ म्हणतात. दिवाळीला लेक आली नाही तर एक वेळ चालतं, पंचमीला आली नाही तर शेजारणी विचारायला येतात. मुऱ्हाळी कोण जाणार, कोणत्या गाडीनं जाणार, याची बोलणी आषाढातच सुरू होतात. माझं सासर बाळापूर, माहेर पैनगंगेपलीकडे उमरखेडच्या बाजूला. आज हा प्रवास अगदीच किरकोळ आहे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, लग्न होऊन आल्या तेव्हा हीच नदी दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे इंग्रजांच्या कारभारातलं वऱ्हाड. नाक्यावर करोडगिरीचे शिपाई, कनवटीला हाली शिक्का वेगळा आणि कलदार वेगळा. तरी पंचमीला मुऱ्हाळी यायचे आणि लेकी जायच्या. सरहद्दीला हा सण कधी जुमानला नाही.

मी शाळेत मराठी शिकवलं. बी.ए.ला मानसशास्त्र होतं. फ्रॉइड-युंग तेव्हा परीक्षेपुरते वाचले, निवृत्तीनंतर जरा सवडीनं वाचले. हे मनाच्या तळाचा शोध घेणारे लोक. स्वप्न, दैवतकथा, प्रतीक यांतून माणसाची नेणीव बोलते असं म्हणणारे. साप तर त्यांचा लाडका. वाचताना मला सारखं वाटायचं की यांना आमच्या पंचमीची कहाणी कुणीतरी सांगायला हवी होती. कारण खोलात काय आहे, या प्रश्नाला आमच्या बायकांनी दिलेलं उत्तर त्यांच्या उत्तरापेक्षा वेगळं आहे.

आधी सणाचे नियम. पंचमीला औत धरायचं नाही, खणायचं नाही, गवत उपटायचं नाही. घरात विळीवर काही चिरायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, तळायचं-भाजायचं नाही. म्हणून पुरणाचे दिंड, उकडलेले कानवले. आदल्या दिवशी भावाचा उपवास. पाटावर किंवा भिंतीवर गंधानं नागाचं कुटुंब काढायचं, नाग, नागीण, पिल्लं, आणि त्यात एक-दोन पिल्लं मुद्दाम बिनशेपटीची. ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, दूध, दूर्वा. मग वारुळाला जायचं, आल्यावर झोका. एक दिवसभर घरातली आणि शेतातली सगळी पाती, सगळ्या धारा आणि भाजणं-तळणं बंद, असा हा सण आहे. नेमकं हेच का बंद, ते कहाण्या सांगतात.

एक कहाणी नांगराची. शेतकऱ्यानं औत धरलं, फाळाखाली वारूळ आलं, नागिणीची पिल्लं मेली. नागीण चिडून त्याच्या घरी गेली, त्याला, बायकोला, मुलांना डसली. एक लेक सासरी होती, तिलाही संपवायला निघाली. ती लेक पाटावर चंदनाचा नाग काढून पूजा करत बसलेली. नागिणीनं दूध प्यायलं, राग शांत झाला, तिनं त्या लेकीला अमृत दिलं आणि माहेर जिवंत झालं. इथे लक्षात ठेवण्यासारखं हे की नांगर धरला बापानं आणि फेड केली लेकीनं. आत्याबाई ही कहाणी सांगताना इथे थांबून “असंच असतंय बाई” म्हणायच्या, आणि पुढे जायच्या.

दुसरी कहाणी मला जास्त मोलाची वाटते. चातुर्मासाच्या पोथीत ती छापलेली आहे, पण सांगणारीनं सांगितलेली ऐकावी. आटपाट नगर. घरात सुना बऱ्याच. श्रावण आला, एकेक सून माहेरी गेली. धाकटीला माहेरच नाही. आई नाही, बाप नाही, भाऊ नाही, कुठलं दूरचंही कुणी नाही. ती मनाशी म्हणते, माझा नागोबा मामा येईल आणि मला नेईल. हे ऐकून शेषाला दया येते. तो माणसाचं रूप घेऊन दारात उभा राहतो, मी हिचा मामा म्हणतो. घरचे चकित, हा मामा आजवर होता कुठे? पण पाठवतात. वाटेत तो आपलं खरं रूप घेतो, तिला फण्यावर बसवतो आणि वारुळातून खाली पाताळात नेतो. तिथे त्याची बायको बाळंत होते. पोरीला दिवा धरायला सांगतात. दिव्याच्या उजेडात तिला वळवळणारी पिल्लं दिसतात, तिचा हात थरथरतो, दिवा खाली पडतो आणि पिल्लांच्या शेपट्या जळतात. नागीण डसायला धावते. नाग म्हणतो, लेकरू आहे, घाबरलं. तिला दानधर्म करून, पाठवणी करून सासरी पोचवतात. पिल्लं मोठी होतात. आमच्या शेपट्या कुणी जाळल्या, विचारतात. कळल्यावर सूड घ्यायला निघतात. नेमकी पंचमी असते. ती भिंतीवर त्यांची चित्रं काढून, दूध-लाह्या ठेवून वाट बघत असते. कुणी आलं नाही तेव्हा हात जोडून म्हणते, माझे भाऊ लांडोबा-पुंडोबा जिथे असतील तिथे खुशाल असोत. आडोशाला बसलेले भाऊ हे ऐकतात. राग जातो. रात्री दूध पितात, भांड्यात नवरत्नांचा हार ठेवतात आणि निघून जातात.

आता ही कहाणी बाजूला ठेवून दुसऱ्या शतकातल्या रोमन साम्राज्यात जाऊ. उत्तर आफ्रिकेतल्या अपुलेयस नावाच्या लेखकानं लॅटिनमध्ये एक गोष्ट लिहिली. सायकी नावाची राजकन्या. सायकी म्हणजे ग्रीकमध्ये आत्मा, जीव. मानसशास्त्राचं इंग्रजी नावही त्याच शब्दावरून आलं. देववाणी सांगते की हिचा नवरा सर्पासारखा भयंकर असेल. नवरा फक्त अंधारात येतो, त्याला बघायचं नाही अशी अट. बहिणी कानात भरवतात की तो सापच आहे. ती रात्री दिवा लावते. बघते तर साप नाही, प्रत्यक्ष प्रेमाचा देव झोपलेला. तिचा हात थरथरतो, दिव्यातलं ऊन तेल त्याच्या खांद्यावर पडतं, तो भाजतो आणि उडून जातो. पुढे त्याला परत मिळवायला सायकीला अशक्य कामं करावी लागतात, शेवटी पाताळातही उतरावं लागतं. युंगचा शिष्य एरिख नॉयमान यानं १९५२ साली या गोष्टीवर पुस्तक लिहिलं. त्याच्या मते तो दिवा म्हणजे बाईची जाणीव. अंधारातलं सुख सोडून तिनं पाहायचं ठरवलं, त्याची किंमत मोजली आणि तिथून ती खऱ्या अर्थानं व्यक्ती झाली.

दिवा, अंधार, साप, थरथरता हात, भाजणं. इतकं साम्य पाहिलं की युंगवादी लगेच म्हणतील, बघा, सगळ्या मानवजातीच्या नेणिवेत एकच आदिबंध. असेलही. मला मात्र साम्यापेक्षा फरक बोलका वाटतो. सायकीच्या खोलातला साप नवरा आहे. आमच्या धाकट्या सुनेच्या खोलातला साप मामा आहे, आणि त्याची भाजलेली पिल्लं भाऊ. तिकडे आत्म्याला प्रियकर हवा आहे, इकडे माहेर. सायकी भाजल्याची भरपाई कष्टानं करते. आमची सून चार बोलांत करते, तेही कुणी ऐकत आहे हे ठाऊक नसताना. सासरच्या घरात बाईची ज्याला नेणीव म्हणावी ती जागा आमच्या पूर्वजणींनी वारुळाखाली कल्पिली, आणि तिथे राक्षस ठेवला नाही, मूळ माणसं ठेवली.

युंगनं १९१२ साली फ्रॉइडशी फारकत घेताना जे मोठं पुस्तक लिहिलं त्यात नायक सर्पाशी लढतो. तो सर्प म्हणजे मागे खेचणारी आई, तिला हरवल्याशिवाय पुरुष मोठा होत नाही. फ्रॉइडला सापात लिंग दिसलं. दोघांचेही रुग्ण युरोपातल्या शहरांतले. आपल्याकडे हे पहिल्यांदा कुणी हटकलं असेल तर कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी. १९२२ साली त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. फ्रॉइडशी त्यांचा बराच पत्रव्यवहार होता. त्यात त्यांनी नम्रपणे पण स्पष्ट कळवलं की तुम्ही म्हणता ती लिंग छाटलं जाण्याची भीती माझ्या भारतीय रुग्णांत तुमच्याइतकी ठळक दिसत नाही, उलट पुरुषांतली बाई होण्याची इच्छा लवकर हाती लागते. फ्रॉइडनं ते फारसं मनावर घेतलं नाही. त्याच्या पंचाहत्तरीला, १९३१ साली, कलकत्तेकरांनी हस्तिदंती विष्णुमूर्ती पाठवली, ती मात्र त्यानं टेबलावर ठेवली.

सर्प म्हणजे आईकडचं नातं, हे काही एकट्या कहाणीचं म्हणणं नाही. महाभारत उघडा. दुर्योधनानं विष घालून गंगेत ढकललेला भीम बुडत बुडत नागलोकात पोचतो. तिथे आर्यक नावाचा म्हातारा नाग त्याला ओळखतो, कारण कुंतीच्या बाजूनं तो त्याचा आप्त निघतो. मग त्याला बळ देणारा रस पाजतात आणि भीम दुणावून वर येतो. म्हणजे भीमाचं आजोळ पाताळात. जनमेजयाचं सर्पसत्र थांबवणारा आस्तिक कोण? जरत्कारू या नागकन्येचा मुलगा, वासुकीचा भाचा. आगीत पडणारे त्याचे मामा होते. श्रावण शुद्ध पंचमीला ते सत्र थांबलं अशी परंपरा. खांडववन जाळलं तेव्हा मात्र असा भाचा कुणी नव्हता. कृष्ण-अर्जुन दोघे होते आणि त्यांनी बाहेर पळणारे जीवही सोडले नाहीत. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये त्या जाळपोळीचा हिशेब मांडला आहे, तो अजून झोंबतो.

दामोदर धर्मानंद कोसंबी असते तर म्हणाले असते, बाई, नेणीव वगैरे राहू द्या, नाग म्हणजे नांगरापुढे हटत गेलेले लोक. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) मध्ये त्यांनी देवदेवतांच्या मागे जमीन, टोळ्या आणि लग्नसंबंध शोधले. त्यांच्या चष्म्यातून पाहिलं तर नांगराची कहाणी सरळच आहे. जंगल मोडलं, तिथली माणसं मेली, उरलेल्यांशी सोयरीक करून वैर मिटवलं आणि वर्षातून एक दिवस औत बंद ठेवलं. मला हे पटतं. पण मग ही कहाणी आजही सांगताना बाईचा आवाज का भरून येतो, हे कोसंबींच्या हिशेबात बसत नाही. तिला हजारो वर्षांपूर्वीची टोळी आठवत नसते. तिला स्वतःची आई आठवत असते.

या दोन्ही वाटा जोडणारा माणूस मराठीतच झाला. रा. चिं. ढेरे. ‘लज्जागौरी’ (१९७८) मध्ये त्यांनी दाखवलं की वारूळ हे भूमीच्या गर्भाचं प्रतीक आहे आणि रेणुका, यल्लम्मा, गोव्यातली सांतेर या सगळ्या मूळ त्या भूमीच्याच मूर्ती. गोव्यात आजही सांतेरीच्या देवळात मूर्तीच्या जागी वारूळ पूजलेलं सापडतं. आमच्याकडून पैनगंगेच्या कडेनं गेलं की माहूर. तिथली रेणुका म्हणजे फक्त मुख, धड नाही. ढेऱ्यांचं म्हणणं लक्षात घेतलं तर धड खाली जमिनीत आहे, किंबहुना जमीनच धड आहे. आमच्या पंचमीच्या वारुळाला नागोबाचं घर म्हणतात. पण त्याची माती कपाळाला लावताना म्हातारी “आई” म्हणते, “नागोबा” म्हणत नाही. वैदिकांनाही याची जाण होती. यज्ञाचा अग्नी ठेवायची जागा करताना वारुळाची माती लागे, आणि ब्राह्मणग्रंथांत वारुळाला पृथ्वीचा कान म्हटलं आहे. वारूळ बांधते वाळवी, साप नंतर राहायला येतो, हे शाळेत विज्ञानाच्या सरांनी शिकवलेलंही खरंच आहे. भाडेकरूच्या नावानं घर ओळखलं जावं, त्यातला प्रकार.

आमच्या जिल्ह्यात उतरण्याची आणखी एक जागा आहे, औंढा नागनाथ. लिंग सभामंडपाच्या पातळीवर नाही. जमिनीतल्या अरुंद वाटेनं, अंग चोरून, पायऱ्या उतरून खाली जायचं. आत ओल, घाम, बेलाचा वास, डोकं वर करायला जागा नाही. देऊळ बाहेरून नीट पाहिलं तर थर दिसतात. खालचं कोरीव दगडकाम यादवकाळचं, वरचं चुन्याचं शिखर खूप नंतरचं, परंपरा ते अहिल्याबाईंच्या नावावर घालते. १९०९ साली फ्रॉइडबरोबर अमेरिकेला जाताना युंगला स्वप्न पडलं होतं. दुमजली घर, वरचा मजला अलीकडचा, खालचा जुना, त्याखाली रोमन काळचं तळघर, त्याच्याही खाली गुहा आणि त्यात दोन कवट्या. फ्रॉइडनं विचारलं, कवट्या कुणाच्या, कुणाच्या मरणाची इच्छा मनात आहे? युंगनं त्याला बरं वाटावं म्हणून बायको आणि मेहुणीचं नाव सांगून टाकलं. सामूहिक नेणिवेची कल्पना त्याला या घरानं दिली असं तो पुढे लिहितो. त्याला पडलेलं घर आम्ही तिकिटाशिवाय बघतो, पण आमच्या तळाशी कवटी नाही, नागनाथ आहे.

याच औंढ्यात वारकऱ्यांनी खोलीचा हा सगळा व्यवहार उलटा केला. नरसीचा नामदेव गुरू शोधत आला तर विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून निजलेला. पाय काढ म्हटल्यावर तो म्हणाला, जिथे देव नाही तिथे ठेव. जिकडे पाय ठेवावे तिकडे पिंड. म्हणजे उतरायची गरजच नाही. आणि नामदेवाला कीर्तनातून उठवलं तेव्हा तो मागे जाऊन बसला आणि देऊळच फिरलं. नंदी पाठीमागे राहिला तो असा, हे तिथला कुणीही सांगेल. पायाची अशीच कथा गुरू नानकांच्या मक्केची आहे, देव वळल्याची अशीच कथा उडुपीला कनकदासाची. युंग याला आदिबंध म्हणेल. मी म्हणेन, दिंड्या, गोसावी आणि यात्रेकरू चालत होते, कथा त्यांच्या पायांनी गेल्या. नामदेव स्वतः पंजाबापर्यंत गेला, त्याची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. प्रत्येक साम्याला नेणीव कशाला पाहिजे?

पण नेणीव नाहीच असंही म्हणवत नाही. २१ मार्च २०२४ ला पहाटे सहानंतर आमच्याकडे जमीन हलली. हळद शिजवायचे दिवस, अंगणात ताडपत्र्यांवर हळद पसरलेली. ४.५ तीव्रतेचा धक्का, पाठोपाठ दुसरा, केंद्र आमच्याच कळमनुरी तालुक्यात जांबजवळ. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या बाजूला तर जमिनीतून गूढ आवाज येण्याची गोष्ट वर्षानुवर्षांची. प्रशासनानं सांगितलं, पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या. तो सल्ला योग्यच होता, दगड काढलेही. तरी त्या दिवशी गल्लीत शिकलेली, मोबाईलवर तीव्रता वाचून दाखवणारी माणसंसुद्धा म्हणत होती, शेषानं फणा हलवला. भूकंपाचं कारण म्हणून कुणी ते म्हणत नव्हतं. भीतीला ओळखीचा चेहरा हवा होता, आणि तो आमच्याकडे मामाचा आहे.

प्रतीकाची जागा प्रतीकाला आणि दाताची जागा दाताला, हे मात्र सांगितलंच पाहिजे. पूर्वी साप चावलेल्या माणसाला मारुतीच्या पारावर नेऊन ठेवायचे, लिंबाचा पाला खायला द्यायचे, रात्रभर मंत्र आणि वाद्यं. किती गेले याची मोजदाद कुणी ठेवली नाही. हळदीच्या सरीत, सोयाबीनच्या गंजीत आजही नाग, मण्यार, घोणस भेटतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं सर्पदंशावर उपचार घेऊ न देता मंत्र-गंडे करणं हा गुन्हा ठरवला आहे. लांडोबा-पुंडोबांना दूध ठेवा, पण साप दूध पचवत नाही, म्हणून चित्रापुढे ठेवा. आणि चावलाच तर दवाखान्याकडे गाडी वळवा, प्रतिविष तिथे आहे.

सण बदलतोय. औताच्या जागी ट्रॅक्टर आला, रोटाव्हेटरला बांधाकडेचं वारूळ दिसत नाही, जेसीबीला तर अडथळाच वाटतो. बाळापुरात आता बऱ्याच घरांत छापील चित्राची पूजा होते, आणि छापील चित्रात सगळ्या पिल्लांना शेपट्या असतात. हे मला खटकतं. कहाणीचा जीव त्या जळलेल्या शेपटीत आहे. ज्याला आपण भाजलं त्याला भाऊ म्हणायचं, एवढं अवघड काम ती शिकवत होती, आणि चित्रकारानं ते पुसून टाकलं.

ही कहाणी पोथीनं टिकवली असं मानू नका. ती लग्नानं टिकली. प्रत्येक सून आपल्या माहेरची कहाणी सासरी घेऊन आली आणि सासूच्या कहाणीशेजारी ठेवली. माझ्या माहेरी, विदर्भात, पंचमीला बाऱ्या गातात, त्या बाळापुरात कुणाला ठाऊक नव्हत्या. आत्याबाईंच्या कहाणीत दिवा पडतो, माझ्या आईच्या कहाणीत दिवा विझतो आणि काकडा पडतो. म्हणून एक मागणं आहे. येत्या पंचमीला घरातल्या म्हातारीकडून ही कहाणी ऐका आणि तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. सांगणारीचं सासरचं गाव तर लिहाच, पण माहेरचं गाव आधी लिहा.